आफ्टरमार्केट फ्लायव्हील टाकताय? मग बोल्ट आधी मोजून घ्या

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या (क्रँकच्या) टोकाला बोल्टने बसवलेली जड चकती, जिच्यावर क्लच बसतो; आफ्टरमार्केट म्हणजे गाडीच्या कंपनीचं सोडून दुसऱ्याने बनवलेलं. नवीन फ्लायव्हील घेताना सगळे वजन बघतात, क्लच किट बघतात आणि बोल्टचा विषय आला की जुनेच परत लावू म्हणतात, नाहीतर सगळ्यात भारी ग्रेडचे हवेत म्हणून १२.९ चे (ताकदीचा खूप वरचा ग्रेड) ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले, घेऊन येतात. प्लीज दोन्ही करू नका. इथे ग्रेडपेक्षा लांबी जास्त महत्त्वाची आहे, आणि ती अंदाजाने नाही तर व्हर्निअरने ठरते.

आधी बोल्ट नक्की काय करतो ते बघू. इंजिनचा टॉर्क क्रँककडून फ्लायव्हीलला जातो तो मुख्यतः दोघांच्या चिकटलेल्या फेसमधल्या घर्षणामुळे, आणि ते घर्षण टिकवायला बोल्टने फ्लायव्हील जोरात दाबून धरलेलं असावं लागतं. बोल्ट टाईट केला की तो किंचित ताणला जातो, हाच ताण म्हणजे पकड. पकड कमी पडली की फ्लायव्हील बारीक सरकायला लागतं, मग भोकं अंडाकृती होतात, बोल्ट वाकतात आणि शेवटी तुटतात, मग ग्रेड कुठलाही असो.

आता जुने बोल्ट. बऱ्याच गाड्यांमध्ये कंपनीचे फ्लायव्हील बोल्ट स्ट्रेच टाईपचे असतात, म्हणजे आधी ठरलेला टॉर्क (टाईट करायचा जोर) आणि त्यावर ९० डिग्री किंवा जो काही अँगल दिलाय तेवढं फिरवायचं. असे बोल्ट एकदा कायमचे ताणले गेले की परत वापरायचे नसतात. मॅन्युअलमध्ये टॉर्कसोबत अँगल दिसला की नवीनच घ्या, यात काटकसर नको.

लांबीचं गणित असं. जुन्या आणि नव्या फ्लायव्हीलची जाडी जिथे बोल्टचं डोकं बसतं तिथे मोजा, बाहेरच्या कडेला नाही. ड्युअल मास (मध्ये स्प्रिंग असलेलं, दोन भागांचं) फ्लायव्हील काढून सॉलिड (एकसंध) टाकताना हा फरक खूप मोठा असू शकतो. ऑटोमॅटिकची गाडी मॅन्युअल करत असाल तर फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असते ती प्लेट) बोल्ट बाजूला ठेवून द्या, ती प्लेट पातळ असते म्हणून बोल्टही आखूड असतात. मग क्रँकच्या भोकात आटे किती खोल आहेत ते डेप्थ गेजने बघा. स्टीलच्या क्रँकमध्ये बोल्टच्या व्यासाच्या किमान १ पट, शक्यतो दीडपट आटे धरायला हवेत. समजा बोल्ट एम १० (१० मिमी व्यासाचा) आहे, फ्लायव्हील १२ मिमी आणि वॉशर २ मिमी, तर १४ मिमी तिथेच गेले आणि आत १० ते १५ मिमी पाहिजे, म्हणजे डोक्याखालची लांबी २४ ते २९ मिमी.

भोक बंद असेल आणि बोल्ट लांब झाला तर तो तळाला टेकतो, टॉर्क रेंच मस्त क्लिक देतो, आपल्याला वाटतं झालं टाईट, आणि फ्लायव्हीलवर पकड जवळजवळ शून्य! हीच सगळ्यात फसवी चूक, म्हणून तळाशी २ मिमी तरी जागा राहू द्या. भोक आरपार असेल तर लांब बोल्ट मागे बाहेर येऊन ब्लॉकला घासू शकतो. अजून एक, बोल्टचा बिनआट्याचा भाग फ्लायव्हीलच्या जाडीपेक्षा लांब असेल तर तोही क्रँकच्या तोंडाशी अडकतो आणि तीच गत होते.

पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, डोळ्याने ओळखू नका. १.० आणि १.२५ मिमी शेजारी ठेवले तरी पटकन कळत नाहीत, पिच गेज लावा, आणि नवीन बोल्ट हाताने पूर्ण आत गेला पाहिजे. जड जात असेल तर पाना लावायचा नाही, आधी आटे साफ करा, पण धार असलेल्या टॅपने नाही, थ्रेड चेझरने (आटे न कापता साफ करणारं हत्यार), कारण टॅप क्रँकचं मटेरियल कापून टाकतो.

ॲलन बोल्टवर माझा राग का, तर एम १० च्या साध्या ॲलन बोल्टचं डोकं १० मिमी उंच असतं आणि ते क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगच्या भागाला लागू शकतं. वर त्याचं डोकं फक्त १६ मिमी रुंद, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलमध्ये ते रुतत जातं आणि पकड ढिली होते. ॲल्युमिनियम असेल तर फ्लायव्हील बनवणाऱ्याने सांगितलेला कडक स्टीलचा वॉशर किंवा इन्सर्ट हवाच. एआरपीसारख्या कंपन्या खास फ्लायव्हीलसाठी बोल्ट बनवतात, तुमच्या इंजिनसाठी असा सेट मिळत असेल तर तोच घ्या, फक्त नव्या फ्लायव्हीलच्या जाडीशी लांबी जुळवून बघा.

टॉर्कचा आकडा बोल्टवाल्याचा घ्यायचा, आणि तो कोरड्या आट्यांसाठी आहे, ऑइलसाठी आहे की त्यांच्याच ल्युबसाठी आहे हे नीट वाचायचं. कोरड्याचा आकडा ऑइल लावून दिला तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडत असतील तर आट्यांना सीलंट पाहिजे, नाहीतर ऑइल झिरपून क्लच प्लेटवर येतं. थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) सांगितला असेल तरच लावा. टाईट करताना समोरासमोरचे बोल्ट घेत, दोन-तीन टप्प्यांत.

फ्लायव्हील बसलं की क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून बघा कुठे घासतंय का. मग क्लच प्लेट बरोबर बाजूने नुसती फ्लायव्हीलवर धरून फिरवा आणि मधला भाग बोल्टच्या डोक्यांना लागत नाही ना बघा, गिअरबॉक्स त्यानंतरच वर चढवा.