प्रेझेंटेशन पाठ करू नका म्हणतात, मग करायचं काय?

"समोर कोबीचे गड्डे मांडून ठेवलेत असं समज आणि बोल." शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेआधी बाईंनी मला हे सांगितलं होतं. परवा एका आजोबांनी नातवाला हेच सांगताना ऐकलं. मधे चाळीस वर्षं गेली, कोबी तिथेच आहे. कोबी मधेच प्रश्न विचारत नाही, घड्याळाकडे बघत नाही आणि कंटाळा आला म्हणून मोबाइल काढत नाही. माणसं हे सगळं करतात, त्यामुळे तयारीही माणसांसमोर बोलण्याचीच करावी लागते.

मी वीसेक वर्षं लोकांकडून ही तयारी करून घेते. इंजिनिअरिंगची पोरं असतात, हिंजवडीतली टीम लीड मंडळी असतात. मागच्या वर्षी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका आले होते. त्यांना सर्वसाधारण सभेत प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसवण्याचा ठराव मंजूर करून घ्यायचा होता आणि बोलायला दहा मिनिटं होती. उदाहरण म्हणून त्यांचंच घेते, त्यांची परवानगी आहे.

१. एक वाक्य ठरवा

ऐकून झाल्यावर समोरच्याने काय करायला हवं, ते एका वाक्यात लिहा. काका "सोसायटीचा पाणीप्रश्न : एक आढावा" असा विषय घेऊन आले होते. आढावा ऐकून लोक चहा प्यायला जातात. आम्ही लिहिलं : "मीटरच्या बाजूने आज हात वर करा." या वाक्याला जे मदत करत नाही ते काढून टाकलं. टँकरवाल्याशी झालेल्या भांडणाची अडीच मिनिटं त्यात गेली. काका दोन दिवस नाराज होते.

२. वेळ कापा

दहा मिनिटं मिळाली तर आठची तयारी करा. मी सावकाश मराठी बोलते तेव्हा मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात. तुमचे किती होतात ते फोनवर रेकॉर्ड करून मोजा, अंदाज बांधू नका, अंदाज कायम चुकतो. टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे लोक भाषणाचा सराव करायला जमतात तिथे, पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा दाखवतात. शिवाय तुम्ही किती वेळा "अं" केलंत ते मोजायला एक माणूस वेगळा बसलेला असतो. पहिल्यांदा अपमान वाटतो, पण चार वेळा जाऊन या.

पुण्यात तर वेळेची हयगय करूच नका. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावाला पिढ्यान्‌पिढ्या भाषणं ऐकायची सवय आहे. कुणी लांबण लावली की तिसऱ्या रांगेतलं कुणीतरी पिशवी आवरायला घेतंच.

३. मुद्दे

तीन. फार तर पाच.

४. लिहिलेलं बोलतं करा

सगळी गोची इथे होते, म्हणून इथे जरा थांबते.

ऑफिसातलं माझं पहिलं प्रेझेंटेशन मी शब्दन्‌शब्द पाठ केलं होतं. अकरा स्लाइड, चार रात्री. तिसऱ्या स्लाइडवर मागून एकाने साधा प्रश्न विचारला, "हा आकडा महिन्याचा की तिमाहीचा?" उत्तर येत होतं, दिलंही. परत पडद्याकडे वळले तर पुढचं वाक्य गायब. विषय माझा, सहा महिने ते काम मीच केलेलं, आणि तोंडातून फक्त "सो... ॲक्च्युअली..." निघत होतं. तीनदा सॉरी म्हटल्यावर साहेबांनी माझ्या हातातला क्लिकर घेतला आणि उरलेल्या आठ स्लाइड त्यांनीच सांगितल्या. मी पाण्याची बाटली धरून बाजूला उभी. बाटलीवरचं लेबल मी नखाने पूर्ण सोलून काढलं होतं, ते जागेवर जाऊन बसल्यावर दिसलं.

असं का झालं ते कळायला मला दोन वर्षं लागली. पाढे आठवा. एकोणतीस साते किती, असं अचानक विचारलं तर बहुतेक जण मनात एकोणतीस एके एकोणतीसपासून सुरुवात करतात. पाठांतराला मधे शिरायला दार नसतं. नववं वाक्य आठवंच ओढून आणतं, आठवं निसटलं की पुढची सगळी माळ जमिनीवर. आणि प्रेझेंटेशनमध्ये मधे तोडणारा कुणीतरी असतोच. माणूस नसला तर वीज जाते, माइक किंचाळतो, चहावाला ट्रे घेऊन आत येतो.

हे सांगितलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात : "मग पाठ करतच नाही, मनापासून बोलतो." हा सल्ला कोबीपेक्षा वाईट आहे. तयारी न करता मनापासून बोलणारा माणूस चौथ्या मिनिटाला पहिल्या मुद्द्यावर परत येतो आणि ते त्याच्या एकट्याच्याच लक्षात येत नाही.

मी करून घेते ते असं. भाषण पूर्ण लिहायचं असेल तर एकदा लिहा, पण मग तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. स्वतःजवळ फक्त एक चिठ्ठी ठेवा, प्रत्येक मुद्द्याला दोन-तीन शब्द. त्या चिठ्ठीवरून उभं राहून, मोठ्याने, पहिल्या दिवसापासून बोला. मनातल्या मनात केलेली तालीम मी धरत नाही. मनात सगळेच उत्तम वक्ते असतात, जीभ कुठे अडखळते ते मनात कळत नाही.

प्रत्येक वेळी तोच मुद्दा मुद्दाम वेगळ्या शब्दांत सांगा. हे सुरुवातीला फार जड जातं, कारण काल एक वाक्य झकास जमलेलं असतं आणि तेच पुन्हा म्हणावंसं वाटतं. म्हणू नका. एकाच मुद्द्यापर्यंत जायच्या पाच वाटा माहीत असल्या की एक बंद झाली तरी अडत नाही. पहिल्या दोन तालमी भयंकर होतात, तिथे हात टेकू नका. पूर्ण भाषणाच्या निदान सहा तालमी हव्यात, त्यातल्या दोन मधल्याच मुद्द्यापासून सुरू केलेल्या, आणि एका तालमीत घरच्या कुणाला तरी हवं तेव्हा तोडायला सांगा. लहान मुलं हे काम आनंदाने करतात.

मी वेताळ टेकडीवर चालता चालता बोलते. पूर्वी लोक वळून बघायचे. आता कानात काहीतरी अडकवलं की फोनवर आहे असं समजतात. एकदा मात्र मागून येणारे एक आजोबा थांबून म्हणाले, "तुमचा दुसरा मुद्दा पटला नाही." बरोबर होतं त्यांचं. मी तो बदलला.

चालता चालता बोललं की भाषाही आपोआप सुधारते. काकांच्या कागदावर होतं : "वाढता खर्च लक्षात घेता प्रत्येक सदनिकेस स्वतंत्र मीटर बसविणे आवश्यक ठरते." हे कुणी तोंडाने बोलतं का? मी म्हटलं, जिन्यात एखादा शेजारी भेटला तर त्याला काय सांगाल? काका म्हणाले, "अहो, मे महिन्याची टँकरची बिलं बघा, डोळे फिरतील." मी म्हटलं, हेच बोला आणि बिलं हातात घेऊन उभे राहा.

राहिला मुद्द्यांचा क्रम. प्राचीन ग्रीक-रोमन वक्ते भाषणाचे मुद्दे ओळखीच्या घरातल्या खोल्यांमध्ये मनाने ठेवून द्यायचे आणि बोलताना एकेका खोलीत शिरायचे. पुणेकराला खोल्यांची गरज नाही, त्याच्याकडे मानाचे पाच गणपती आहेत, आणि त्यांचा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी चुकत नाही. काकांचे पाच मुद्दे आम्ही तिथे बसवले. कसबा पहिला, मोठ्या मानाचा, तिथे मे महिन्याची बिलं. तांबडी जोगेश्वरी म्हणजे धोक्याचा तांबडा रंग : गळके नळ आणि ओसंडणाऱ्या टाक्या. गुरुजी तालीम म्हणजे कसरत : मीटर बसवताना काय काय तोडफोड होईल. तुळशीबाग म्हणजे खरेदी, अर्थात खर्च किती आणि हप्ते कसे. केसरीवाडा म्हणजे टिळक, तिथे ठणकावून मागणी : हात वर करा.

शेवटची गोष्ट. पाठ करायचंच असेल तर पहिली दोन वाक्यं आणि अगदी शेवटचं एक, एवढंच करा. आरशासमोर तालीम करू नका, माणूस स्वतःचे केस बघत बसतो.

५. स्लाइड

बोलणं पक्कं झाल्यावरच स्लाइड करा, एका स्लाइडवर एकच गोष्ट. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो. लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटेल तेव्हा ते दाबा.

६. देहबोली

यावर मला फारसं काही सांगायचं नाही. पाय दोन्ही जमिनीवर, हात मोकळे, नजर एका माणसाकडे एक वाक्य पूर्ण होईपर्यंत. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. "संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ३८ आवाज आणि ५५ देहबोली" असं चित्र व्हॉट्सॲपवर दर महिन्याला येतं आणि ट्रेनिंगवाले ते स्लाइडवर लावतात. हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आले. त्यात एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात आणि चेहऱ्यांसोबत दाखवून त्यातून आवड-नावड कशी कळते, एवढंच तपासलं होतं. सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. शंका असेल तर ओळखीची नसलेल्या भाषेतली बातमी आवाज चालू ठेवून बघा आणि ९३ टक्के कळतंय का ते सांगा.

७. पहिलं मिनिट

छाती धडधडणार, तोंड कोरडं पडणार. ॲड्रेनलिन वाढलं की लाळ कमी होते, त्यात तुमचा भित्रेपणा काही नाही. मला आजही होतं. उठण्याआधी दोन घोट पाणी प्या, साधं, गार नको. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, चार-पाच वेळा.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना सरस वाटली. धडधड दोन्हीत सारखीच असते, तिला नाव कुठलं देता एवढाच फरक. मी उठताना पुटपुटते, "चला, मजा येणार आहे." खोटं असतं, तरी चालतं.

माइकपाशी जाऊन एक मनात मोजा, दोन मोजा, मग पाठ केलेलं पहिलं वाक्य. "सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या प्रिय मित्रांनो" शाळेत सोडून या. आणि "मला फारसं बोलता येत नाही, सांभाळून घ्या" हे तर चुकूनही म्हणू नका, लोक लगेच चुका शोधायला लागतात.

८. प्रश्न

पुण्यात तीन प्रकारचे प्रश्नकर्ते भेटतात. खरा प्रश्न विचारणारा, त्याला नीट उत्तर द्या. माहीत नसेल तर "माहीत नाही, उद्या सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. दुसरा उभा राहून म्हणतो, "माझा प्रश्न नाही, एक छोटीशी सूचना आहे." ती छोटी नसते. पहिल्या वाक्याच्या शेवटी तो श्वास घेईल तेव्हा "लिहून घेते" म्हणून खरंच लिहून घ्या, तो बसतो. तिसऱ्याला तुमची चूक काढायची असते. चूक असेल तर लगेच मान्य करा. नसेल तर एकदाच, आवाज न चढवता आकडा सांगा आणि नजर दुसरीकडे वळवा. त्याच्याकडेच बघत राहिलात तर तो आणखी दहा मिनिटं बोलेल.

काकांच्या सभेत हा तिसरा माणूस चौथ्या मुद्द्यावर उठला. काकांनी त्याला टँकरची बिलं दाखवली, तो बसला, आणि काका गडबडीत सगळ्यांसमोर म्हणाले, "हां, तर आपण तुळशीबागेत होतो." हॉलभर हशा. पण क्रम सापडला होता, पुढचं त्यांनी सलग सांगितलं आणि ठराव मंजूर झाला.

प्रश्न संपले की पाठ केलेलं शेवटचं वाक्य तेव्हा म्हणा, त्याआधी नको. लोक शेवटचं ऐकलेलं घेऊन घरी जातात, ते सूचनावाल्यांचं नको. ते म्हटलं की थांबा, टाळ्या येवोत न येवोत, आणि जागेवर जाऊन बसा. "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" याची गरज नाही, तुम्ही बसलात हे सगळ्यांना दिसतं.