कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक जमिनीवर रानडुकराची शिकार : नवख्यांसाठी मार्गदर्शन

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात शिकार ही आजोबा-पणजोबांच्या आठवणींपुरतीच उरलेली असते. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला म्हणूनच याचे नवल वाटते की येथे रानडुकराची शिकार बाराही महिने खुली आहे आणि एका शिकाऱ्याने किती डुकरे मारावीत यावर राज्याची मर्यादाही नाही. याचे कारण असे की येथे हा प्राणी परका आहे. स्पॅनिश वसाहतींच्या काळात आलेली पाळीव डुकरे मोकळी सुटून रानटी झाली, पुढे १९२० च्या दशकात माँटेरे काउंटीत युरोपातील रानडुकरे शिकारीसाठी मुद्दाम सोडण्यात आली, आणि या दोहोंच्या संकरातून झालेली प्रजा आज राज्याच्या ५८ पैकी ५६ काउंट्यांत आढळते. शेते, कुरणे आणि ओढ्यांचे काठ ती अक्षरशः नांगरल्यासारखी उलथून टाकतात.

असे असले तरी डुक्कर मिळणे सोपे आहे, असा समज करून घेऊ नये. यातील बहुतांश डुकरे खासगी रँचवर राहतात, आणि तेथे शिकार करायची तर मालकाला किंवा वाटाड्याला चांगले पैसे मोजावे लागतात. सार्वजनिक जमिनीवर प्रवेश जवळजवळ फुकट असतो, परंतु तेथील डुकरे माणसाला ओळखून असतात. माझे स्पष्ट मत असे आहे की नवख्याने सुरुवातीच्या फेऱ्या बंदूक घरी ठेवूनच कराव्यात, कारण सार्वजनिक जमिनीवरची शिकार नेमबाजीने जितकी साधते त्याहून कितीतरी अधिक रान वाचण्याने साधते.

आधी कागदपत्रांचे पाहू. शिकारीचा परवाना पहिल्यांदा काढण्यापूर्वी शिकारी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. परवान्याचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते, हे विसरून मे महिन्यात परवाना घेणाऱ्याचे पैसे जवळजवळ वाया जातात. पूर्वी प्रत्येक डुकरासाठी वेगळा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी, विकत घ्यावा लागे. जुलै २०२४ पासून ती पद्धत गेली असून परवान्यावर रानडुकराचे एकच वार्षिक व्हॅलिडेशन (परवान्याला जोडलेली जादा परवानगी) घेतले की काम भागते. राज्यात सलग सहा महिने राहिलेल्या माणसाला रहिवाशाचा दर लागतो आणि तो बाहेरच्यांच्या दरापेक्षा पुष्कळच कमी आहे. रायफल विकत घ्यायची असल्यास एरवी फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट लागते, मात्र वैध शिकार परवाना असलेल्याला रायफलसाठी त्यातून सूट आहे, आणि पैसे भरल्यानंतरही ती हातात पडायला दहा दिवस थांबावे लागते.

आपल्या लोकांनी येथे विशेष सावध राहिले पाहिजे. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असलेल्यांसाठी या मनाईला अपवाद ठेवलेला आहे, म्हणजे व्हिसावरच्या माणसासाठी शिकार परवाना हा केवळ शिकारीचा कागद राहत नाही, बंदुकीला हात लावण्याचा त्याचा आधारच तो असतो. त्याची मुदत संपू देणे हा किरकोळ आळस समजू नये. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. मित्राची रायफल उसनी घेण्याबाबतही कॅलिफोर्नियाचे नियम कडक आहेत, तेव्हा ‘एका दिवसाचा तर प्रश्न आहे’ असे म्हणून ती गाडीत टाकू नये. शंका असल्यास वकिलाला विचारावे, कारण बंदुकीच्या प्रकरणातील चूक पुढे इमिग्रेशनच्या फाइलपर्यंत जाऊन पोहोचते.

जागा निवडताना सार्वजनिक जमीन म्हणजे सरसकट शिकारीला खुली जमीन नव्हे, हे पक्के लक्षात ठेवावे. सॅन होजेजवळच्या हेन्री को स्टेट पार्कमध्ये डुकरे भरपूर आहेत, परंतु तेथे शिकारीला बंदी आहे. दक्षिण माँटेरेमधील फोर्ट हंटर लिगेट हा लष्करी तळ डुकरांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे तळाची वेगळी परवानगी लागते, आणि सैन्याचा सराव चालू असेल तेव्हा भाग बंद ठेवले जातात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक असते. लॉस पाद्रेस आणि मेंडोसिनो ही राष्ट्रीय वने, युकायाजवळचे काऊ माउंटन, कॅश क्रीकचा परिसर येथेही डुकरे आहेत. याखेरीज राज्याच्या वन्यजीव खात्याचा ‘शेअर’ नावाचा कार्यक्रम आहे, ज्यात सोडतीने काही शिकाऱ्यांना खासगी जमिनीवर प्रवेश मिळतो. नवख्याने त्यात अर्ज अवश्य टाकत राहावा.

जमिनीच्या हद्दी दाखवणारे नकाशाचे ॲप फोनवर घ्यावे आणि त्या भागाचा नकाशा घरूनच उतरवून घ्यावा, कारण डोंगरात नेटवर्क मिळत नाही आणि खासगी जमिनीच्या हद्दीवर सगळीकडे कुंपण असेलच असे नाही. राष्ट्रीय वनांत घर, तंबूची जागा किंवा लोकांचा वावर असलेल्या ठिकाणापासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही, तसेच रस्त्यावरून किंवा पाण्यावरून पलीकडे गोळी मारता येत नाही. नळीत काडतूस असलेली रायफल गाडीत ठेवणे हाही गुन्हा आहे. रात्रीच्या शिकारीचे नियम जमिनीगणिक बदलतात, म्हणून नवख्याने सूर्योदयापूर्वीचा अर्धा तास ते सूर्यास्तानंतरचा अर्धा तास हीच आपली वेळ मानावी.

आता रान वाचण्याविषयी. डुकराला घाम येऊन अंग थंड होत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्याचे सगळे वेळापत्रक पाणी आणि सावली यांभोवती फिरते. जुलै-ऑगस्टमध्ये टेकड्या वाळून पिवळ्या पडतात तेव्हा झऱ्याखालचा ओला पट्टा, गुरांच्या पाण्याची टाकी आणि उत्तरेकडच्या उतारावरची दाट झुडुपे पाहावीत. शरद ऋतूत ओकची फळे गळू लागली की कळप त्या झाडांखाली येतात. हिवाळ्याचे पाऊस झाल्यावर जमीन मऊ होते आणि डुकरे कोवळे गवत, कंद व किडे यांसाठी मोकळ्या उतारांवर दिवसाउजेडीही दिसतात. शिकायला हाच काळ मला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा माग नीट उमटतात, हवा थंड असते आणि रॅटलस्नेकही फारसे बाहेर नसतात.

उकरलेली जमीन दिसली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, कारण ती महिन्यापूर्वीचीही असू शकते. खाली बसून पाहावे. उलटलेल्या ढेकळाची आतली बाजू गडद आणि ओलसर असेल, तुटलेली मुळे पांढरी असतील आणि उपटलेले गवत अजून हिरवे असेल, तर डुक्कर आदल्या रात्रीचे समजावे. ढेकळाच्या कडा भुरभुरीत होऊन त्यांत कोवळे अंकुर फुटले असतील, तर ती जागा केवळ नकाशावर नोंदवून पुढे जावे. चिखलाच्या लोळणीजवळ एखादे झाड किंवा कुंपणाचा खांब हमखास असतो, ज्यावर डुकरे अंग घासतात. तेथे चिकटलेल्या चिखलाला बोट लावून तो ओला आहे का ते पाहावे, आणि तो जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही पाहावे. चिखल गुडघ्याच्या खाली असेल तर जनावर लहान, मांडीपर्यंत पोहोचला असेल तर मोठ्या नराशी गाठ आहे. डुकराचा ठसा हरणाच्या ठशापेक्षा गोलसर आणि बोथट असतो, आणि मऊ मातीत मागच्या लहान खुरांच्या खुणा दोन्ही बाजूंना फाकलेल्या उमटतात. माद्या आणि पिल्ले कळपाने फिरतात, प्रौढ नर बहुधा एकटा असतो.

झोपण्याची जागा आणि चरण्याची जागा यांच्यामधली वाट सापडली की निम्मे काम झाले. मात्र झोपण्याच्या झुडुपात स्वतः घुसू नये. एकदा तेथून हुसकलेला कळप पुष्कळ दिवस परत येत नाही, शिवाय त्या झुडुपांत पॉयझन ओक (अंगाला लागल्यास खाज आणि पुरळ आणणारी वनस्पती) आणि गोचिड्या विपुल असतात. समोरच्या उतारावर बसून दुर्बिणीने पहाट आणि संध्याकाळ न्याहाळावी. दुर्बीण नवख्यांना बहुधा दुय्यम वाटते, पण मी रायफलमध्ये काटकसर करून दुर्बिणीवर खर्च करण्याचा सल्ला देईन.

डुकराची नजर अधू असते, कान बऱ्यापैकी तिखट असतात आणि नाकाला तोड नसते. म्हणून हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या महागड्या कपड्यांपेक्षा वाऱ्याचे भान मोलाचे आहे. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवावी आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर पावडर उडवून पाहावी. डोंगरात वाऱ्याला ठरावीक चाल असते : पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढले की ती वर चढू लागते, आणि संध्याकाळी पुन्हा उलटते. त्यामुळे सकाळी खालून वर जाणारा शिकारी सुरुवातीला सुरक्षित असतो, पण ऊन तापल्यावर त्याच वाटेने त्याचा वास थेट कळपापर्यंत पोहोचतो. वारा प्रतिकूल झाला तर त्या दिवशी तो उतार सोडून द्यावा. वारा चेहऱ्यावर असेल आणि कळप खाण्यात गुंतला असेल, तर पावले सावकाश टाकत शंभर यार्डांच्या आत जाता येते. एखाद्या डुकराने मान वर केली की जागीच थांबावे, आणि त्याने पुन्हा मुस्कट खाली घातले की मगच पुढचे पाऊल टाकावे.

रायफलबाबत वाद घालणाऱ्यांचा तोटा नाही. .२४३ पासून .३०८ कॅलिबरपर्यंतची (ही गोळीच्या जाडीची इंचांतील मापे) कोणतीही नेहमीची शिकारी रायफल पुरेशी आहे. महत्त्वाचा नियम काडतुसाचा आहे. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात कोणत्याही वन्यप्राण्याच्या शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच वापरावी लागते. मारलेल्या जनावराची आतडी रानात राहतात, ती काँडोर गिधाडे खातात आणि शिशाच्या कणांनी त्यांना विषबाधा होते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे आपल्याकडची गिधाडे कशी संपत आली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा नियम जाचक वाटू नये. तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा वेगळ्या जागी लागते, म्हणून ज्या काडतुसाने शिकार करणार त्याच काडतुसाने रेंजवर नेम बसवावा, आणि टेबलावर टेकून गोळ्या मारण्याऐवजी जमिनीवर बसून, काठीचा आधार घेऊन सराव करावा.

डुकराचे हृदय हरणाच्या तुलनेने खाली आणि पुढे असते. जनावर पूर्ण आडवे उभे असताना, पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जात छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरावा. पाठीच्या उंच केसांमुळे शरीराचा मध्य वरच्या बाजूला भासतो आणि नवख्याची गोळी तेथेच चुकते. प्रौढ नराच्या खांद्यावर जाड, कडक कातडीची ढाल असते, म्हणून हलकी गोळी आणि तिरका कोन टाळावा. पहिल्या शिकारीसाठी कळपातले मध्यम आकाराचे जनावर निवडावे : त्याचे मांस चांगले लागते आणि ते पाठीवरून आणता येते. डुकराच्या मागे दुसरे डुक्कर नाही, माणूस नाही आणि गोळी अडवणारी माती आहे, याची खात्री पटेपर्यंत बोट ट्रिगरवर नेऊ नये.

गोळी लागल्यावर जनावर जागीच पडले नाही तर अर्धा तास थांबावे. चरबी जखमेचे तोंड बुजवते, त्यामुळे रक्ताचा माग पुष्कळदा तुटक असतो. शेवटचा ठिपका दिसला तेथे रंगीत फीत बांधावी आणि तेथून हळूहळू पुढे शोधावे. अंधार पडताना एकट्याने दाट झुडुपात जखमी नराच्या मागे जाऊ नये. त्याचे सुळे मांडीची शीर सहज फाडतात.

मांसाचे काम लगेच सुरू करावे. रानडुकरांत ब्रुसेलोसिसचे जंतू असू शकतात आणि ते रक्तातून, जखमेतून किंवा डोळ्यांतून माणसात येतात, म्हणून लांब हातमोजे आणि चष्मा घालूनच पोट फाडावे, आणि ते काम आटोपेपर्यंत खाणे-पिणे टाळावे. कातडी काढून चार पाय, पाठीचे मांस आणि मान वेगळी करावी, कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगावी आणि मग गाडीपर्यंत न्यावी. गाडीतल्या बर्फाच्या पेटीचा नळ उघडा ठेवावा, म्हणजे मांस वितळलेल्या पाण्यात भिजत राहणार नाही. कापताना चरबी किंवा मांस निळसर दिसले तर ते अजिबात घेऊ नये. २०२५ साली माँटेरे काउंटीत निळ्या मांसाची डुकरे आढळली तेव्हा वन्यजीव खात्याने तसा इशारा दिला होता. तो रंग उंदीर मारण्याच्या विषाचा असतो, आणि शिजवल्याने ते विष नाहीसे होत नाही. असे जनावर दिसल्यास खात्याला कळवावे.

ट्रिचिनेला हा जंत रानडुकरांत आढळतो आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याने तो मरेलच याची खात्री देता येत नाही. मांस आतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापलेच पाहिजे. आपल्या स्वयंपाकात ही अडचण फारशी येत नाही, कारण मटणासारखा कुकरमध्ये शिजवलेला रस्सा किंवा गोव्याच्या पद्धतीचे विंदालू ते तापमान केव्हाच ओलांडते. मात्र शेगडीवर भाजायचे असेल तर थर्मामीटर वापरावा. मांडीचे मांस चिवट असते, त्याला आले-लसूण आणि व्हिनेगर लावून रात्रभर ठेवावे. मोठ्या नराच्या मांसाला उग्र वास येण्याचा संभव असतो, त्याचा खिमा करून मसाला सढळ हाताने घालावा. कच्चे तुकडे घरच्या कुत्र्याला घालू नयेत, कारण रानडुकरांतला स्यूडोरेबीज हा आजार माणसाला होत नसला तरी कुत्र्याचा जीव घेतो.