उपग्रहचित्रांवरून वणव्याच्या धुराचा माग कसा काढावा

नवखा माणूस चित्रात थेट धूर शोधू लागतो आणि ढगापाशी फसतो. आधी आग शोधा, मग धूर. नासाचं वर्ल्डव्ह्यू हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा. ते मोफत आहे. खऱ्या रंगांच्या चित्रावर व्हीआयआयआरएस या उपग्रहांवरच्या संवेदकाचा ३७५ मीटरच्या चौकटींचा आगीचा थर चढवा, की लाल ठिपके दिसतील. एक ठिपका म्हणजे तेवढ्या चौकटीत कुठेतरी आग आहे एवढंच. अख्खी चौकट जळते आहे असं नाही. तेलक्षेत्रात जाळला जाणारा वायू आणि ज्वालामुखीसुद्धा ठिपके देतात. रोज त्याच जागी ठिपका असेल आणि धूर मात्र नसेल, तर तो वणवा समजू नका.

ठिपक्यापासून निघालेली, उगमाशी निमुळती आणि पुढे पसरत गेलेली करडी-तपकिरी पट्टी म्हणजे धूर. कडा पुसट, खालची जमीन अंधुक दिसते. शंका वाटली तर मोडिस या दुसऱ्या संवेदकाचं, ७-२-१ या तरंगलांबीच्या पट्ट्यांचं चित्र लावा. सातव्या पट्टीची तरंगलांबी २.१ मायक्रोमीटर, आणि धुराचे कण त्याहून बरेच बारीक. त्यामुळे धूर निळसर, विरळ होतो आणि खालचा जळालेला भाग विटकरी रंगात उठून दिसतो. पाण्याचे ढग पांढरेच राहतात, उंचावरचे बर्फकणांचे ढग मात्र आकाशी दिसतात. मोठ्या वणव्याच्या डोक्यावर स्वतःचा ढगही तयार होतो, तेव्हा पट्टीच्या सुरुवातीलाच पांढरा गोळा दिसला तर गोंधळू नका.

व्हीआयआयआरएसचे उपग्रह दिवसा स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. पुढच्या दिवसाचं चित्र येईपर्यंत धूर शेकडो किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून हालचाल पाहायला भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणारे उपग्रह हवेत: अमेरिका खंडांसाठी गोज, पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियासाठी हिमावारी-९. दोन्हींकडून दर १० मिनिटांनी पूर्ण गोलार्धाचं चित्र मिळतं. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, नोंदही त्यातच करा. सूर्योदयानंतरचे आणि सूर्यास्तापूर्वीचे एक-दोन तास सगळ्यात कामाचे, कारण तिरप्या उजेडात धूर उजळतो. भर दुपारी विरळ धूर चित्रातून जवळजवळ पुसला जातो. तो ओसरला असं लिहून मोकळे होऊ नका.

वेग काढणं सोपं आहे. तासाच्या अंतराची दोन चित्रं घ्या, पट्टीचं टोक किती सरकलं ते मोजपट्टीने मोजा. ४० किलोमीटर सरकलं तर वेग ताशी ४० किलोमीटर. मग वाऱ्यावरून हवेचा मार्ग काढणाऱ्या हायस्प्लिट या प्रणालीत उगमापासून ५००, १५०० आणि ३००० मीटर उंचीचे तीन मार्ग काढा. जो मार्ग प्रत्यक्ष धुराशी जुळेल, त्यावरून धूर साधारण किती उंचीवर आहे याचा अंदाज येतो.

दाटपणासाठी एरोसोल ऑप्टिकल डेप्थचा, म्हणजे हवेतले कण किती उजेड अडवतात ते सांगणारा थर पाहा: ०.१ च्या खाली हवा स्वच्छ, १ च्या वर दाट धूसर. इथली नेहमीची खोच अशी की धूर फार दाट झाला तर गणित त्याला ढग समजून गाळतं, आणि नेमक्या गाभ्यातच पोकळी दिसते. ती पोकळी म्हणजे स्वच्छ हवा नव्हे. तिथे सेंटिनेल-५पी उपग्रहाचा अतिनील एरोसोल निर्देशांक, म्हणजे अतिनील किरण शोषणाऱ्या कणांचा आकडा, मदतीला येतो. तो ढगावर तरंगणारा धूरही पकडतो. मात्र वाळवंटी धुळीलाही तो वाढतो, म्हणून सोबत त्याच उपग्रहाचा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे जळण्यातून निघणाऱ्या वायूचा नकाशा ठेवा. दोन्ही एकाच पट्ट्यात वाढले असतील तर धूर. नुसता निर्देशांक वाढला असेल तर धुळीचा संशय.

हे सगळं वरून पाहिलेलं, म्हणजे जमिनीपासून आकाशापर्यंतची बेरीज. धूर श्वासात येतो आहे का, हे जमिनीवरच्या केंद्रांचे पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे आकडे सांगतात. डोक्यावर पट्टी आहे पण आकडा हलत नाही, तर धूर उंचावर आहे. अशा वेळी दुपारनंतर आकडे पुन्हा पाहा: जमीन तापून हवा वर-खाली घुसळली जाते तेव्हा वरचा धूर खाली उतरू शकतो.