माणदेशात पॉलिहाऊस उभारताना

थंड देशात हरितगृह बांधतात ते ऊब धरून ठेवायला. सांगोला-आटपाडीच्या माळावर आपल्याला उलटं करायचंय, आत शिरलेली ऊब बाहेर हाकलायचीय. हे विसरून एखादा तयार नकाशा आणून बसवला, की एप्रिलात त्याची भट्टी होते.

आधी पाणी. बोअर खाली गेलेलं असतं तेव्हा, म्हणजे मे महिन्यातच, नमुना तपासा. ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, 1 च्या वर असेल तर सिमला मिरचीला ते बाधायला लागतं. मचूळ पाण्यावर माझ्या मते एकच इलाज परवडतो, तो म्हणजे छपराचं पाणी. 10 गुंठ्यांचं छप्पर साधारण 1000 चौरस मीटर भरतं. 500 मिमी पाऊस झाला तरी त्यावर 5 लाख लिटर पडतं. उडून-सांडून 4 लाख हाती लागतं. तेव्हा पन्हाळीचा पाइप थेट शेततळ्यात सोडा आणि तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरा.

मग पाया. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतात. मुरूम लागेपर्यंत खणा, मगच काँक्रीट ओता. इथे खोली मोजायची नाही, मुरूम बघायचा.

सांगाडा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचा. पन्हाळी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे त्यांची सावली दिवसभर सरकत राहते. पन्हाळ 4 ते 4.5 मीटरवर आणि माथा 6.5 मीटरच्या आसपास हवा. माथ्यावरची खिडकी वाऱ्याच्या उलट दिशेला उघडू द्या. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून तोंड पूर्वेला. बाजूंना 40 मेशची, म्हणजे इंचाला 40 भोकांची जाळी लावा. पांढरी माशी अडते, फुलकिडे मात्र घुसतात. त्याहून बारीक जाळी लावाल तर वारं कोंडेल.

छपराचा प्लास्टिक कागद 200 मायक्रॉनचा, उन्हात टिकावा म्हणून यूव्ही प्रक्रिया केलेला. भर दुपारी ताणू नका, पहाटेच्या गारठ्यातही नको. सकाळी आठ-नऊला वारा पडलेला असताना ताणा. पाइप तापून कागद नेमका टेकतो तिथेच जळतो, म्हणून तिथे आधी पांढरा रंग द्या. आतून 50 टक्के सावलीची पांढरी नेट दुपारपुरतीच ओढायची.

गारव्यासाठी कोरडी हवा आपल्याच बाजूची आहे. बाहेर 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर भिंतीत बसवलेल्या चांगल्या ओल्या पॅडमधून पंख्यांनी ओढलेली हवा 26 अंशांपर्यंत उतरते. पण पंखे-पॅडला अखंड वीज लागते, आणि मचूळ पाण्याने पॅडवर पांढरी खपली धरते. वीज आठ तासांची असेल तर उंच खिडक्या आणि फॉगर, म्हणजे धुक्यासारखे बारीक तुषार उडवणारे नोझल, यांवरच भागवा. फॉगर दुपारी काही सेकंद सोडून बंद करायचे, संध्याकाळी अजिबात नाही. पानं ओली राहिली की करप्याचा त्रास वाढतो.

माझा पहिला कागद वळवानं नेला. बाजूच्या जाळीवर सोडायचे पश्चिमेचे पडदे पाडले होते, पूर्वेचा एक राहिला होता. वारं आत शिरलं आणि छप्पर फुग्यासारखं वर उचललं. एप्रिल-मेमध्ये आभाळ काळवंडलं, की चारी बाजूंचे पडदे पाडायचे, माथ्याची खिडकी बंद करायची, मग चहा घ्यायचा.