सुरू होतानाच बंद पडणारा विंडोज संगणक: आधी फायली, मग दुरुस्ती

विंडोजचा लोगो दिसला, चक्र फिरलं, निळा पडदा आला आणि पुन्हा तेच. अशा वेळी थेट 'रीसेट' करू नका. 'चेकडिस्क' (डिस्कमधल्या चुका शोधून दुरुस्त करणारी विंडोजची सोय) हीही आधी चालवू नका. दुरुस्ती करताना ती डिस्कवर लिहिते, आणि डिस्कच मरायला टेकली असेल तर उरलंसुरलंही जातं.

लोगो येताच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीचा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 अंकी 'रिकव्हरी की' लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात बहुधा सापडते.

आता युक्ती. कमांड प्रॉम्प्टमध्ये notepad टाइप करून 'नोटपॅड' चालवा, फाइल मेनूतून 'ओपन' घ्या, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. ही खिडकी साध्या एक्स्प्लोररसारखी चालते: फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, बाहेरच्या ड्राइव्हवर पेस्ट. इथे 'सी' ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, म्हणून 'युजर्स' फोल्डर कुठे आहे ते पाहून ठरवा. कॉपी होताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. थांबा, बंद करू नका.

फायली हाती आल्यावर त्याच अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून 4 दाबा. याने सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरतंच विंडोज, सुरू होतो. सेफ मोड नीट चालला तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर: डिव्हाइस मॅनेजरमध्ये नुकताच बदललेला ड्रायव्हर, बहुतेकदा ग्राफिक्सचा, 'रोल बॅक' करा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या. सेफ मोडही कोसळला तर अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधलं 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आणि मग 'स्टार्टअप रिपेअर'. तरीही तेच, तर रॅमची एकेक पट्टी काढून पाहा.