डर्नेसला जायचं तर तीन रात्री काढा

मे उजाडला की गावाकडून फोन सुरू होतात. "यंदा येतोय गं. ते टोकाचं गाव दाखव." माझं माहेर दाभोळ. गेली अकरा वर्षं मी स्कॉटलंडमध्ये इन्व्हर्नेसला राहते आणि ते टोकाचं गाव म्हणजे डर्नेस. ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या वायव्य कोपऱ्यातलं, चारशेच्या आत वस्ती असलेलं. आजवर पाचदा पाहुणे घेऊन गेले. पहिल्या खेपेला मावशी-काकांना एका रात्रीत उरकायला निघाले होते. वाऱ्यामुळे होडी बंद, धुक्यात कडे गडप, आणि आम्ही गाडीत बसून पोहे खाऊन परत. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: तीन रात्री, नाहीतर जाऊच नका. तिथे वेळापत्रक वारा ठरवतो, तुम्ही नाही.

आता रस्ता. इन्व्हर्नेसहून लेर्ग गाठायचं आणि तिथून ए८३८ धरायचा. लेर्ग ते डर्नेस नव्वदेक किलोमीटर, पण दोन तास धराच, कारण रस्ता बहुतेक ठिकाणी एकच गाडी मावेल इतका. मधूनमधून फुगवटे काढलेत, त्यांना 'पासिंग प्लेस' म्हणतात. फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरा. उजव्या हाताला असेल तर रस्त्यावरच त्याच्यासमोर थांबा, समोरचा आत शिरून जाईल. उजवीकडे घुसायचं नाही. आपल्याकडचे सगळे पहिल्यांदा हीच चूक करतात. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्या. तिथे गाडी लावून फोटो काढणं हा मात्र गुन्हाच समजा. आणि हात वर करून आभार माना, गावकरी ते बघतात. बीटल्सवाला जॉन लेनन १९६९ साली बायको-मुलांना घेऊन स्वतः गाडी चालवत या भागात आला होता. त्याची गाडी रस्त्याखाली गेली आणि टाके घालून घ्यायला गोल्स्पीच्या इस्पितळात जावं लागलं. आमच्या बाबांना मी हे निघतानाच सांगते, म्हणजे ते "जरा जोरात घे की" म्हणत नाहीत.

पेट्रोलची टाकी अर्धी झाली की भरायची, पुढे मिळेल म्हणून थांबायचं नाही. फोनची रेंजही भरवशाची नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

डर्नेस जवळ आल्याचं जमीन सांगते. तोवर तासभर काळपट दलदल, करडा खडक आणि खुरटी झुडपं. हा लुइशियन नाइस दगड, त्यातला काही तीन अब्ज वर्षांचा. त्यावर काही नीट उगवत नाही. मग एकदम हिरवंगार गवत आणि त्यात मेंढ्या. आईनं विचारलं, "इथे खत घालतात का गं?" खत नाही, चुनखडी. डर्नेसच्या खाली चुनखडकाचा पट्टा आहे, त्यामुळे माती गोड झाली, गवत माजलं आणि माणसं वसली. जांभ्यावर वाढलेल्या आम्हा कोकण्यांना मातीवरून गाव ओळखायची सवय असतेच. मे महिन्यात, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर किनाऱ्यालगतच्या गवतात गुडघे टेकून बघा. स्कॉटिश प्रिमरोझ नावाचं जांभळं फूल असतं, बोटाच्या पेराएवढं. जगात ते फक्त स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर आणि ऑर्कनीत सापडतं.

पाऊस असेल त्या दिवशी स्मूची गुहा. हे ऐकायला उलटं वाटेल, पण ऐका. या गुहेचं बाहेरचं दालन समुद्राच्या लाटांनी कोरलंय आणि आतली दालनं ओढ्याच्या पाण्यानं चुनखडी विरघळवून. तो ओढा वर माळावर एका भोकात गडप होतो आणि दुसऱ्या दालनात वीसेक मीटरवरून कोसळतो. जितका पाऊस, तितका धबधबा. तोंडाजवळची कमान सुमारे पंधरा मीटर उंच. पहिल्या दोन दालनांना तिकीट नाही, धबधब्यापर्यंत लाकडी पूल आहे. तिसऱ्या दालनात होडीनं नेतात, पण पाणी वाढलं की ती फेरी बंद. म्हणजे धबधबा किंवा होडी, यातलं एकच नशिबात असतं. मी धबधबा घेईन. गाडीतळापासून खाली पायऱ्या आहेत, बऱ्यापैकी उभ्या. आईचे गुडघे दुखतात, तिला उतरायला वीस मिनिटं लागली आणि चढायला त्याहून जास्त, पण वर आल्यावर पहिलं वाक्य "परत कधी यायचं?"

कोरड्या आणि वारा मंद असलेल्या सकाळी, तीनपैकी जी मिळेल ती, केप रॅथ, म्हणजे मुख्य भूमीचं वायव्येचं टोक. यासाठीच तीन रात्री. गावाच्या दक्षिणेला कियोल्डेलचा धक्का आहे. तिथून छोटी होडी काइल ऑफ डर्नेस ओलांडते. काइल म्हणजे आपली खाडीच. गाडी जात नाही, फक्त माणसं. पलीकडे एक मिनीबस उभी असते आणि ती अठरा किलोमीटरच्या खडखडाटी वाटेनं जवळजवळ तासाभरात दीपगृहापर्यंत नेते. धक्क्यावर आई खुर्चीसारख्या एका दगडावर बसली, पाणी बघितलं आणि म्हणाली, "ही आपली धोपाव्याची होडी तर." लहानपणी ती दाभोळहून आजोळी अशीच जायची. होडीवाल्याला हे इंग्रजीतून सांगायला मला सांगितलं. मी सांगितलं. तो म्हणाला, पाणी सगळीकडे सारखंच ओलं.

होडी साधारण उन्हाळ्यात चालते, वेळा भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा आणि सकाळी लवकर जाऊन रांगेत उभे राहा. आणखी एक भानगड आहे. पलीकडचा मोठा भाग संरक्षण खात्याचा सरावाचा पट्टा आहे. जहाजं आणि विमानं तिथल्या एका खडकाळ बेटावर खरे बॉम्ब टाकतात. सराव असला की वाट बंद. काहीही चमकदार पडलेलं दिसलं तर उचलू नका. आमच्या बाबांना भंगार उचलायची सवय, म्हणून लिहिते.

दीपगृह रॉबर्ट स्टीव्हन्सननं १८२८ साली बांधलं, १९९८ पासून तिथे माणूस लागत नाही. जवळच क्लो मोरचे कडे, २८१ मीटर, मुख्य भूमीवरचे सर्वात उंच समुद्रकडे. आणि नावावर जाऊ नका. इंग्रजीत रॅथ म्हणजे कोप, पण मूळ शब्द व्हायकिंगांचा, 'वळण' या अर्थाचा. नॉर्वेहून येणारी गलबतं इथे दक्षिणेला वळायची. दोन तासांनी तुम्हीही वळा, शेवटची होडी चुकवू नका.

उरलेला दिवस बाल्नाकीलला द्या. मैलभर पांढरी पुळण, मागे वाळूचे डोंगर, त्यापुढे फॅरेड हेडचं टोक. उन्हाळ्यात तिथे पफिन पक्षी दिसतात. पाणी थंड म्हणजे थंड. बाबा घोट्यापर्यंत गेले आणि "झालं स्नान" म्हणून परतले. पुळणीच्या कडेला १६१९ चं पडकं चर्च आहे. त्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात डोनाल्ड मॅकमर्को नावाच्या एका दांडगेश्वराची कबर. माणसं मारून स्मूच्या धबधब्याच्या भोकात टाकायचा, असं म्हणतात. मेल्यावर वैऱ्यांनी थडगं तुडवू नये म्हणून भिंतीत घालून घेतलं. त्याच आवारात रॉब डॉन या गेलिक भाषेतल्या कवीचं स्मारक. तो गुरं राखायचा, लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळ्या कविता तोंडी.

तिथून परतताना हस्तकलेचं गाव लागतं. १९५० च्या दशकात रशियन हल्ल्याची आगाऊ सूचना द्यायला हे ठाणं बांधलं, कधी वापरलंच नाही. १९६४ पासून त्या सिमेंटच्या खोक्यांत कारागीर राहतात. इमारती कुरूप आहेत, सरकारी क्वार्टर्ससारख्या, पण गरम चॉकलेट प्यायला थांबाच.

लेननचं स्मरणोद्यान गावच्या सभागृहाशेजारी आहे, २००२ मधलं. पाच मिनिटांचं काम. तो पोरवयात सुट्टीला इथे यायचा, कारण मावशीच्या यजमानांचं घर या गावात होतं. हे कळल्यावर आमच्याकडच्या सगळ्या मावशा तिथे जास्त वेळ थांबतात.

राहायचं आधी ठरवा, उन्हाळ्यात खोल्या लवकर संपतात. तंबू असेल तर सँगोच्या कड्यावर तळ आहे, खिळे लांब आणा. जूनमध्ये साडेदहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतरही अंधार धड होत नाही, डोळ्यांवर बांधायला पट्टी न्या. वारा पडला की चिलटं येतात, ती मिज. छत्री नको, घरीच ठेवा, कानटोपी हवी. शाकाहारी असाल तर तहानलाडू-भूकलाडू बरोबर घ्या. गावात किराण्याचं एक दुकान आहे, तिथे बटाटे, कांदे, अंडी मिळतात. मेथीचे ठेपले तीन दिवस टिकतात.

परतताना आल्या वाटेनं येऊ नका, पूर्वेकडून या. गावाबाहेर दहा मिनिटांवर कॅनाबिनची पुळण आणि वरच्या अंगाला उजाड वस्तीचे दगडी चौथरे. १८४१ साली मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायला घरं रिकामी करण्याचा हुकूम घेऊन अधिकारी आला, तेव्हा बायकांनी तो कागदच जाळला. पुढल्या वर्षी गाव उठलंच. पायवाटेवर फलक आहेत, अर्धा तास पुरतो. आईला पाऊण तास लागला, चूल कुठल्या भिंतीला असेल ते शोधत होती.

मग लॉख एरिबोल. समोरचा किनारा हाकेवर दिसतो, पण रस्ता सगळा आखात फिरून जातो. १९४५ साली शरण आलेल्या ३३ जर्मन पाणबुड्या इथे आल्या होत्या. पुढे टंग, तिथून अल्टनाहारा, मग लेर्ग. अल्टनाहारात डिसेंबर १९९५ मध्ये उणे २७.२ अंश नोंदलं गेलं, तेव्हा पाहुण्यांना हिवाळ्यात यायचं असेल तर आधी मला फोन करा. मी नाही म्हणेन.