अवकाशात कडक होणाऱ्या फुगवट रचना: या चुका टाळा

फुगवून उलगडलेली नळी कक्षेत केवळ वायूच्या भरवशावर फार काळ उभी राहू शकत नाही, कारण सूक्ष्म उल्कांनी पाडलेल्या छिद्रांतून वायू गळत राहतो. १९६० साली सोडलेला एको १ हा सुमारे ३० मीटर व्यासाचा फुगा हळूहळू सुरकुतला. १९६४ च्या एको २ मध्ये मात्र मायलार या पातळ प्लास्टिक पडद्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला अॅल्युमिनियमचा वर्ख जादा दाबाने ताणून ताठ केला होता. आता हेच काम रेझिनमध्ये, म्हणजे उष्णतेने किंवा प्रकाशाने कडक होणाऱ्या राळेसारख्या द्रव्यात, भिजवलेल्या तंतूंच्या कापडाकडून करून घेण्याचे प्रयत्न होतात.

त्यातली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भट्टीतल्या सपाट नमुन्याला उष्णतेने कडक व्हायला लागलेला वेळ हाच कक्षेतला वेळ मानणे. भट्टीत गरम हवा चारही बाजूंनी फिरते; निर्वातात उष्णता फक्त प्रारणाने आणि वहनाने पोहोचते, त्यामुळे नळीची उन्हाकडची बाजू घट्ट होत असताना सावलीतली बाजू मऊच राहते आणि असमान आकुंचनाने सरळ नळीला कायमचा बाक येतो. म्हणून तापमापक सर्वांत थंड राहणाऱ्या जागी, म्हणजे सांध्यांच्या आणि टोकांच्या धातूच्या कड्यांपाशी बसवावेत आणि तिथले रेझिन पक्के होईपर्यंत आतला दाब सोडू नये. गळती धरूनही तेवढा वेळ पुरेल इतका वायू सोबत असायलाच हवा.

अतिनील प्रकाशाने कडक होणारे रेझिन निवडताना तंतूकडे दुर्लक्ष होते. कार्बन तंतू हा प्रकाश आत जाऊ देत नाहीत, केव्हलार हा मजबूत कृत्रिम तंतूही तो शोषून घेतो. तिथे काचतंतूच घ्यावेत. शिवाय अॅक्रिलेट रेझिनची चाचणी हवेत केली की ऑक्सिजनमुळे पृष्ठभाग चिकट राहतो. तो पाहून प्रकाश-प्रारंभकाचे, म्हणजे प्रकाश पडताच कडक होण्याची क्रिया सुरू करणाऱ्या पदार्थाचे, प्रमाण वाढवले, तर वरचा थरच प्रकाश अडवतो आणि खालचे थर कच्चे राहतात. चाचणी निर्वातात किंवा नायट्रोजनमध्येच घ्यावी.

वायुउत्सर्जनाच्या, म्हणजे निर्वातात पदार्थातून किती वायू बाहेर पडतो याच्या, नेहमीच्या चाचणीत, १२५ अंश सेल्सिअसला २४ तासांत, वस्तुमानातली एकूण घट १ टक्का आणि थंड पृष्ठभागावर संघनित होणारा भाग ०.१ टक्का या मर्यादा पाळल्या जातात, पण नमुना आधीच कडक झालेला असतो. कक्षेत हेच रेझिन कच्च्या अवस्थेत निर्वाताला सामोरे जाते. मोकळे मोनोमर, म्हणजे अजून एकमेकांना न जोडलेले छोटे रेणू, उडून जवळच्या आरशांवर बसू शकतात आणि भिंतीत बुडबुडे राहतात. कच्च्या रेझिनची वेगळी चाचणी टाळणे मला अक्षम्य वाटते.

घड्यांचाही विचार हवा. तीव्र घडीत रेझिन दाबाने बाजूला सरकते. कडक झालेली नळी तिथे कापून पाहिली की कोरडे, पांढरट काचतंतू नजरेस पडतात. घडीची किमान त्रिज्या ठरवावी आणि अडकलेली हवा जाण्यासाठी वाटा ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला जोडलेला बीम हा फुगवता येणारा कक्ष रासायनिक रीतीने कडक होणारा नव्हता, तरी दीर्घकाळ दाबून ठेवलेले कापड अपेक्षेप्रमाणे न उलगडल्याने २६ मे २०१६ चा प्रयत्न थांबवावा लागला आणि २८ मे रोजी विस्तार पूर्ण झाला.

उष्णतेने एकदा घट्ट झालेले रेझिन पुन्हा मऊ होत नाही, म्हणून प्रत्यक्ष उड्डाणाची नळी आधी कडक करून तपासता येत नाही. त्याच खेपेच्या रेझिनचे साक्षी नमुने तिच्यासोबत, तिच्याइतकाच काळ आणि त्याच तापमानात ठेवावेत, आणि प्रक्षेपण लांबले की त्यांतला एक काढून त्याची उरलेली अभिक्रियाक्षमता मोजावी.